क्रायफच्या पाठीवर १४ की ९? नव्या पेठेतल्या जर्सीवाल्याचा रोखठोक आढावा

सोलापूरच्या नव्या पेठेतल्या या दुकानात पाऊल टाकलं की समोरच्याच हँगरला बार्सिलोना या स्पॅनिश फुटबॉल क्लबाचा निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा, जुन्या घाटाचा शर्ट दिसतो. पाठीवर ‘क्रायफ’, खाली १४. दुकानातला सगळ्यात जास्त खपणारा माल हाच आणि सगळ्यात मोठी चूकही हीच.

१४ हा आकडा क्रायफच्या आधीच्या डच क्लबाचा, आयाक्सचा, आणि हॉलंडच्या संघाचा. स्पेनच्या लीगमध्ये तेव्हा सुरुवातीच्या अकरा जणांनी १ ते ११ हेच आकडे घालायचे, असा दंडक होता. त्यामुळे १९७३ मध्ये बार्सिलोनात आलेला योहान क्रायफ तिथे ९ घालून खेळला. पाठीवर नाव तर नव्हतंच. कायमचा आकडा आणि नाव ही पद्धत तिथल्या लीगमध्ये १९९५-९६ पासूनची. म्हणजे खरा शर्ट हवा असेल तर नाव नको, मधोमध नुसता ९. तसा मागितला की मिळतो, वर नाव छापायचे ६० रुपये वाचतात. पण गिऱ्हाईक चौदाच मागतं आणि दुकानदार, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते चौदाच छापतात. “मी इतिहास विकत नाही, शर्ट विकतो,” हे त्यांचं उत्तर ठरलेलं आहे.

हे दुकान क्लबांच्या जुन्या जर्सी ऑर्डरप्रमाणे शिवून, छापून देतं. नाव मुद्दाम देत नाही. खाली दाखवलेल्या बहुतेक चुका नेटवर फुकट फिरणाऱ्या डिझाइनच्या फायलींच्या आहेत आणि त्याच फायली गावोगावच्या छपाईवाल्यांकडे आहेत. एकालाच धरून बडवण्यात अर्थ नाही. हा क्लबांचा अधिकृत माल नाही, हेही गल्ल्यावर कागद चिकटवून सांगितलेलं आहे.

आधी कापड, कारण तिथे पैकीच्या पैकी गुण. गणवेश शिवणाऱ्या गावात कापड ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. दोन प्रकार आहेत: १४० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) डॉट निट आणि १८० जीएसएमचं इंटरलॉक, दोन्ही शंभर टक्के पॉलिएस्टर. खेळायला डॉट निट, मिरवायला इंटरलॉक. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या शर्टांचा भारदस्तपणा इंटरलॉकलाच येतो, पण सोलापूरच्या एप्रिलमध्ये तो घालून दुपारी मैदानात उतरायचं म्हणजे भट्टीत उभं राहायचं. सुती कापडावर छापून मागू नका. सब्लिमेशनची, म्हणजे उष्णतेने रंग कापडात उतरवायच्या छपाईची, शाई १९० ते २०० अंशांच्या आसपास वायू होते आणि पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. सुतात तिला जागाच मिळत नाही; चार धुण्यांत रंग उतरतो आणि मग भांडण दुकानदाराशी होतं.

मापाची गोम वेगळी आहे. जुने शर्ट ढगळ असायचे, बाही कोपराशी यायची. दुकानाचा साचा आजचा, अंगाला लागून बसणारा. त्यामुळे छाती ४० इंच असली तरी १९९० च्या शर्टासाठी ४४ चं माप सांगा आणि बाही दोन इंच वाढवून घ्या. हे तोंडी सांगून चालत नाही, पावतीवर लिहून घ्यायचं. न लिहिलेलं कटिंगवाल्यापर्यंत पोचत नाही.

आता लाल रंगाचा घोळ. मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल वगैरेंचे शर्ट दोन प्रकारे बनतात. स्वस्तातला प्रकार म्हणजे तयार लाल शर्टावर पांढरा आकडा डीटीएफ फिल्मने, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग गरम प्रेसखाली, दाबायचा. प्रेस १५० अंशांवर गेली की लाल पॉलिएस्टरमधला रंग सुटतो आणि वर चढून पांढऱ्यात शिरतो. दुकानातून निघताना आकडा दुधासारखा असतो. दोन दिवसांनी, किंवा उन्हात बंद गाडीच्या डिकीत राहिला तर संध्याकाळपर्यंत, गुलाबी. धुऊन तो जात नाही. उपाय दोनच. एक, खाली करडा अडथळ्याचा थर असलेली फिल्म आणि कमी तापमान. दोन, पांढऱ्या कापडाचे तुकडेच लाल छापायचे, आकड्याची जागा कोरी सोडायची आणि मग शिवायचं. दुसरा प्रकार इथे नाव-आकड्यासह ६५० रुपयांना पडतो, पहिला ४५०. लाल शर्टाला २०० रुपये वाचवू नका. दुसऱ्या प्रकारातही खोड आहेच: शर्ट आतून पांढरा राहतो, आणि प्रेसखाली कापडाला घडी राहिली तर तिथे पांढरी रेघ उमटते. ताबा घेताना काखेजवळ ताणून बघा. पट्ट्यांचा शर्ट असेल तर बाजूच्या शिवणीवर पट्ट्याला पट्टा जुळतोय का तेही बघा. इथे दहातल्या आठांना जुळतो.

दुकानाची खरी गंमत भिंतीवरच्या तक्त्यात आहे. सात क्लब, प्रत्येकाचा एक सर्वश्रेष्ठ खेळाडू आणि एक सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक. तक्त्यातलं नाव घेतलं तर फाइल तयार असते, म्हणून ५० रुपये कमी. तक्त्याबाहेरचं नाव म्हणजे डिझाइनचे जादा पैसे आणि दोन दिवस उशीर. मतभेदाला असा रोख भाव लावलेला दुसरीकडे बघायला मिळायचा नाही. आणि तक्ता चुकीचा असेल तर तो भुर्दंड जाणकारालाच बसतो.

नापोली या इटलीतल्या क्लबाच्या ओळीत वाद नाही: दिएगो मॅराडोना. १९८४ ते १९९१, २५९ सामने, ११५ गोल. गोलांत पुढे मारेक हामशिक आणि मग ड्रीस मेर्टेन्स त्याच्या वर गेले, पण त्या आकड्यांवरून कुणी महानपण मोजत नाही. १९८७ आणि १९९० ची लीग, म्हणजे देशाची साखळी स्पर्धा, १९८९ चा युएफा कप, आणि तो गेल्यावर पुढची लीग यायला २०२३ उजाडलं. घोळ शर्टात आहे. दुकान ‘१९८७ विजेते’ म्हणून जो शर्ट देतं त्याच्या छातीवर ‘मार्स’ची जाहिरात आहे. मार्स आलं १९८८ मध्ये. १९८६-८७ च्या शर्टावर ‘बुइतोनी’ हवं. शिवाय त्यावर इटलीच्या तिरंग्याची छोटी ढाल लावलीय, तीही चूक. लीग जिंकलेला संघ ती ढाल पुढच्या हंगामात लावतो. ढाल हवी तर १९८७-८८ म्हणा, मार्स हवं तर १९८९-९० म्हणा. प्रशिक्षक म्हणून तक्त्यात लुचानो स्पालेत्ती आहेत. ३३ वर्षांनी लीग आणली, ठीक. पण पहिली लीग आणि युएफा कप ज्यांच्या हाताखाली आला ते ओताविओ बियांकी तक्त्यात नाहीत. मॅराडोना असल्यावर प्रशिक्षकाने काय केलं, असं म्हणणाऱ्याने मॅराडोना पहिली दोन वर्षं तिथे असूनही लीग का आली नाही, ते सांगावं.

मिलानच्या ओळीपुढे मात्र गल्ल्यावर रोज सभा भरते. तक्त्यात प्रशिक्षक अरिगो साक्की, खेळाडू मार्को व्हान बास्टन.

“साक्कीनं लीग एकच मारली बे. कापेल्लोनं चार.”

“चार मारली, पण टीम कुणी बांधली? मागची चौकडी तीच की!”

“मग स्वयंपाक आईनं केला म्हणून वाढणाऱ्याचं श्रेय नाही का?”

“तुमचं ठरू द्या,” अण्णा मधेच म्हणतात, “मशीन तापायला वीस मिनिटं लागतात. मी बटण दाबू की नको?”

वाद फुसका नाही. साक्कींच्या हाती १९८८ ची एकच लीग, पण १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धा. १९८९ च्या अंतिम सामन्यात स्टेआउआ बुखारेस्टवर ४-०. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पद्धत: माणसाला माणूस लावायची इटलीची सवय मोडून जागा राखायची, बचावाची रांग वर आणायची, आणि सगळ्यात मागच्या रांगेपासून सगळ्यात पुढच्या रांगेपर्यंतचं अंतर २५ मीटरच्या आसपास ठेवायचं. साक्कींनंतर आलेल्या फाबियो कापेल्लोंनी तीच रांग घेतली, तास्सोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, माल्दिनी, आणि तिच्यावर पाच हंगामांत चार लीग जिंकल्या. लीगमध्ये ५८ सामने सलग अपराजित. १९९३-९४ ला ३४ सामन्यांत फक्त ३६ गोल करून विजेते, कारण खाल्ले १५. त्याच वर्षीच्या युरोपच्या अंतिम सामन्यात बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघंही निलंबित असताना क्रायफच्या बार्सिलोनाला ४-०. ‘आयती टीम मिळाली’ हा आक्षेप त्या एका सामन्यापुढे लंगडा पडतो. तरीही टॉवेलवर (दुकान प्रशिक्षकांच्या नावाचे टॉवेलही करतं) एकच नाव घालायचं तर साक्कीच घालावं: त्यांच्यानंतर युरोपभर बचाव शिकवायची रीत बदलली, कापेल्लोंनंतर कपाट भरलं. नेरेओ रोक्कोंचं नाव या भांडणात कुणी काढतच नाही, हे खरं तर वाईट आहे. १९६३ आणि १९६९ चे युरोपियन कप त्यांचे.

खेळाडूत मात्र तक्ता चुकला. व्हान बास्टनकडे १९८८, १९८९ आणि १९९२ असे तीन बॅलन डी’ओर, म्हणजे युरोपातल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार, आहेत, पण घोट्यानं दगा दिला आणि मिलानसाठीचा शेवटचा सामना २८ व्या वर्षीच झाला. क्लबाच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ म्हणायचं तर फ्रँको बारेसी. संघ १९८० आणि १९८२ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हाही हा गडी हलला नाही, आणि पुढे त्याच क्लबाचा कप्तान म्हणून युरोपियन कप उचलला. ९०२ सामने खेळलेला पाओलो माल्दिनी म्हणणाराही चूक नाही. शर्टाच्या बाजूने बघितलं तर हा निवाडा आणखी सोपा होतो. इटलीच्या लीगमध्ये पाठीवर नाव १९९५-९६ पासून आलं आणि व्हान बास्टन त्याआधीच, ऑगस्ट १९९५ मध्ये निवृत्त झाला. म्हणजे लीगमध्ये ‘व्हान बास्टन’ लिहिलेला मिलानचा शर्ट त्याने कधी घातलाच नाही. दुकान तो ठळक अक्षरात छापून देतं. बारेसीचा ६ नावाशिवाय घ्या. माल्दिनीचा ३ नावासह घेतला तर १९९५ नंतरचा, छातीवर ‘ओपेल’वाला घ्या. नावांच्या आधीच्या काळातल्या ‘मेडिओलानम’च्या जाहिरातीवर माल्दिनीचं नाव आलं की जाणकार हसतो.

युनायटेडच्या ओळीत खेळाडू एरिक कँटोना, प्रशिक्षक अॅलेक्स फर्ग्युसन. कँटोनाची बाजू थोडक्यात अशी: नोव्हेंबर १९९२ मध्ये आला, पाच हंगामांत चार लीग, आणि जी एक निसटली त्या हंगामात तो जानेवारीपासून बंदी भोगत होता. वकिलाला आणखी काय हवं? तरी सर्वश्रेष्ठ बॉबी चार्लटनच. ७५८ सामने, २४९ गोल, म्युनिकच्या विमान अपघातातून वाचून दहा वर्षांनी १९६८ च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात दोन गोल. जॉर्ज बेस्टचं कसब कदाचित अधिक असेल, पण २७ व्या वर्षी त्याने क्लब सोडला. क्लबाच्या इतिहासात वर्षं मोजावीच लागतात. चार्लटनचा शर्ट मागताना लक्षात ठेवा, तो अंतिम सामना युनायटेड निळ्यात खेळला होता. ९ आकडा, नाव नाही, जाहिरात नाही. तक्त्याबाहेरचा म्हणून महाग पडतो, पण निळा असल्याने गुलाबी व्हायची भीती मात्र जाते. कँटोनाच घ्यायचा तर दोरीच्या गळ्याचा शर्ट १९९२ ते १९९४ असा दोन हंगाम चालला. दुकानाच्या चिठ्ठीवर १९९२-९३ आहे; लीगमध्ये नाव आणि कायमचा ७ आले १९९३-९४ ला. शर्ट बरोबर, चिठ्ठी चूक. चिठ्ठी फाडून टाका.

फर्ग्युसनबद्दल बोलायला फार नाही. १९८६ ते २०१३, ३८ करंडक, त्यात १३ लीग. म्युनिकच्या अपघातावेळचे प्रशिक्षक मॅट बझबी यांचं नाव काढणारे असतात आणि असावेतही, पण बझबींची थोरवी उद्ध्वस्त संघ पुन्हा उभा करण्यातली आहे, ती करंडकांच्या रकान्यात बसत नाही.

बार्सिलोनाला तक्त्यात लिओनेल मेस्सी आणि पेप ग्वार्दिओला. मेस्सी ठीक, ६७२ गोलांपुढे कोण बोलणार. आकडा मात्र हंगाम बघून घ्या: आधी ३०, मग १९, आणि १० हा २००८ पासून. छातीवर ‘युनिसेफ’ २००६ ते २०११, त्याआधी कोरी. प्रशिक्षकाच्या रकान्यात क्रायफ हवे होते. १९९१ ते १९९४ सलग चार लीग, १९९२ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर क्लबाचा पहिला युरोपियन कप, आणि ग्वार्दिओला त्याच संघात घडलेला. त्या रात्रीचा रोनाल्ड कुमानचा नारिंगी ४ हा दुकानातला सगळ्यात अचूक शर्ट आहे, रंगासकट. लिव्हरपूलला युर्गेन क्लॉप लिहिलेत. नऊ हंगामांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप आणणारे बॉब पेझली असताना हे लिहायला धाडस लागतं.

कोलकात्याच्या दोन ओळी तक्त्यात आहेत याचं कौतुक. मोहन बागानला चुनी गोस्वामी. १९५४ ते १९६८ एकच क्लब, १९६२ च्या आशियाई सुवर्णपदकाचे कप्तान. क्रिकेटवाल्या सोलापूरकरांसाठी जादा ओळख म्हणजे १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे कप्तानही हेच. ईस्ट बंगालला बायचुंग भुतिया, बहुधा १३ जुलै १९९७ च्या हॅटट्रिकमुळे. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर एक लाख एकतीस हजार लोक, फेडरेशन कपची उपांत्य फेरी, बागानवर ४-१. सामना अजरामर, पण क्लबाचा इतिहास म्हटलं की १९४९ नंतरच्या ‘पंचपांडवां’ना डावलता येत नाही: वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाच जण मिळून एक आघाडी, त्यातला एक निवडा म्हणणं म्हणजे एकाच पांडवावर महाभारत संपवणं. दोन्ही क्लबांच्या प्रशिक्षकाच्या रकान्यात पी. के. बॅनर्जी आहेत आणि हे हसण्यासारखं वाटलं तरी बरोबर आहे. १९७५ च्या आयएफए शील्ड स्पर्धेत बागानचा ५-० फडशा पाडणाऱ्या ईस्ट बंगालचे प्रशिक्षक तेच, आणि १९७७ मध्ये पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबाला २-२ वर रोखणाऱ्या बागानचेही तेच. छपाई मात्र इथे हलकी आहे. ईस्ट बंगालचा सोनेरी रंग हळदीसारखा येतो आणि बागानचा मरून थेट लाल. रंगाचा नमुना आधी कापडाच्या तुकड्यावर मागून घ्या, स्क्रीनवर बघून हो म्हणू नका.

प्रशिक्षकांचं नाव शर्टाच्या पाठीवर कुणी घालत नाही, म्हणून इथे टॉवेल निघाले, आणि सोलापूरने ते करावेत यात नवल नाही. जकार्ड मागावर विणलेला टेरी टॉवेल, ३० बाय ६० इंच, ४५० जीएसएम, ३८० रुपये. वजनकाट्यावर ठेवून बघा. ५२० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे, ४५० भरला तर तो ४०० जीएसएमच्याही खालचा माल. नाव लूपवाल्या भागात घेऊ नका, फुलाऱ्यात अक्षरांचे काने-मात्रे बुडतात. ‘फर्ग्युसन’मधला रफार आणि ‘ग्यु’ तर दिसेनासाच होतो. सपाट विणलेल्या पट्ट्यात घ्या. ‘साक्की’ आणि ‘पेझली’ सुबक येतात. पहिल्यांदा नुसत्या गार पाण्यात भिजवून वेगळा धुवा, तंतू सुटतात. कपडे मऊ करायचं द्रव्य घालू नका. ते लूपवर बसतं आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. शर्टाला छपाईनंतर दोन दिवस पाणी लावू नका, उलटा करून धुवा, छपाईवर इस्त्री नको.

ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर घेतात, निम्मे पैसे आधी. शर्टाला पाच दिवस सांगतात, आठ लागतात. लग्नसराईत तर विचारूच नका. हंगाम, आकडा, नाव हवं की नको, छातीवरची जाहिरात आणि गळ्याचा घाट, या पाच गोष्टी लिहून पाठवा आणि छापण्याआधी पाठीमागच्या बाजूचाही फोटो मागा. फोटो बघून हो म्हटल्यावर झालेली चूक बदलून मिळत नाही, फोटोत नसलेली मिळते.

तक्त्यात नॉटिंगहॅम फॉरेस्ट नाही, आणि खरं तर सर्वश्रेष्ठ प्रशिक्षकाबद्दल जिथे वादच नाही असा क्लब तोच. ब्रायन क्लफ: १९७७ ला वरच्या श्रेणीत, १९७८ ला लीग, १९७९ आणि १९८० ला युरोपियन कप. त्यांचा टॉवेल मागितला तर अण्णा नाही म्हणत नाहीत, पण मागावर नवं डिझाइन चढवायचं तर किमान बारा नग लागतात. ज्याला हवा त्याने गल्ल्यावरच्या वहीत नाव लिहायचं. सध्या सात झालेत.